क्लेचं पहिलं मत

मिल हॉलो,
९ सप्टेंबर २०२३

चि. व्हर्ननला अनेक आशीर्वाद, वि. वि.

सफरचंदाचा मुरंबा ढवळायला तू आला नाहीस, म्हणून खाली लागला. तुझ्या वाट्याला जळकीच बरणी ठेवली आहे.

आता खरं सांगते. फोनवर सांगायचं धैर्य नाही. आमच्या निवडणूक कचेरीच्या फोनच्या यंत्रावर रात्री कुणीतरी निरोप ठेवला, की मतपत्रिकांत घोळ केलात तर घरं पेटवू. आणि शेवटी अदबीने ‘शुभ रात्री, मॅम’ असंही म्हटलं. माझ्या मदतनीस नेलने तो ऐकला आणि लगेच घरी मुलांना फोन लावला. मी आवाज ओळखला, पण कुणाला सांगितलं नाही. इतक्या सभ्य वळणाने धमकी देणारं पोर तुझ्याच घरचं. आवाज तुझ्या क्लेचा आहे रे. शेरीफ तपासाला येऊन विचारणार, आवाज ओळखता का. काय सांगू?

तुझीच, आर्डिथ

१३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

क्लेने कबूल केलं. कुठलं काहीबाही ऐकून डोकं फिरवून घेतलं होतं गाढवाने. म्हणतो, आत्याला नाही, कचेरीला बोललो.

ताई, नाव सांगू नकोस. तुम्हा निवडणुकीच्या लोकांना धमकावणं हा मोठा गुन्हा, आणि आपल्या राज्यात मोठा गुन्हा म्हणजे मताचा हक्क कायमचा गेला. तरुणपणी खाणीतली तांब्याची तार चोरली, तेव्हापासून मला मत नाही. तो परत मिळावा म्हणून गव्हर्नरकडे अर्ज करून थकलो. क्ले नोव्हेंबरात पहिल्यांदा मत देणार आहे. एवढं त्याचं राहू दे.

तुझा व्हर्नन

१८ सप्टेंबर

चि. व्हर्ननला आशीर्वाद.

तुझ्यासाठी खोटं बोलले असते. पण नेलने नोकरी सोडली. मुलांना घेऊन आईकडे निजते. तिच्या डोळ्यांत बघून मला खोटं बोलवणार नाही. शुक्रवारी शेरीफ माझा जबाब घेणार आहे, तेव्हा नाव सांगेन. रडून रडून डोळे सुजलेत, पण सांगेन.

आर्डिथ

६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

वर्षभर लिहिलं नाही. राग होता. त्या शुक्रवारच्या आधी मीच त्याला शेरीफकडे नेलं, त्याचं नाव तुझ्या तोंडून निघू नये म्हणून. तुरुंग टळला, मत गेलं.

काल मतदान झालं. क्लेची आई वाँडा मत द्यायला आत गेली, आम्ही बापलेक बाहेर गाडीत बसलो. ओळखीचे लोक हात करून आत जात होते. क्लेने विचारलं, मत द्यायला आत का आला नाहीत असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता. मी म्हटलं, गुडघा दुखतो म्हणतो. त्याने स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांच्या पोराने काय सांगावं, ते मला सुचलं नाही ताई.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा व्हर्नन