मशीन वॉरंटीत गेलंय, आई

आई, तू विसरली असशीलच, म्हणून पहिल्यापासून सांगते. किल्ली कमरेला खोचून सगळं घर पालथं घालणारी बाई तू. चुलीवर आमटी ठेवून शेजारी गप्पा मारायला बसायचीस आणि करपल्याचा वास आला की त्यांनाच विचारायचीस, "कुणाचं करपलं गं?" आम्ही हसत होतो. पण तुझं एक विसरणं मला साठ वर्षं छळतंय, आणि आता त्याला चारच दिवस उरलेत.

माझी पहिली. पाच दिवसांची होऊन गेली. तुझ्याकडे बाळंतपणाला आले होते. बाजेखाली शेगडी, मला उंबरा ओलांडायची बंदी. तू तिला दुपट्यात गुंडाळतेस, माझ्याच लहानपणीचे चांदीचे वाळे तिच्या पायांत घालतेस आणि खुरपं घेऊन एकटीच रानात जातेस. परत येतेस तेव्हा नखांत काळी माती. "कुठं ठिवलीस?" "बांधाला. नीज आता." एवढंच. पुढे कधी विचारलं तर एकदा म्हणालीस चिंचेखाली, एकदा म्हणालीस विहिरीच्या अंगाला, आणि तुझ्या शेवटच्या वर्षी, "कुठलं बाळ गं?" त्यानंतर मी विचारलं नाही.

आता हातकणंगल्याकडच्या त्या रानातून रस्ता रुंद व्हायचाय. भाच्याचा निरोप आला, बांधावर लाल खुणेचे दगड रोवलेत, येत्या सोमवारी जेसीबी येणार. चिंच तर कधीच तोडली. मुरूम पडणार, डांबर पडणार, वरून उसाचे ट्रॅक्टर जाणार, आई. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा तुझी पणती म्हणाली, आजी, जमिनीतला धातू शोधायचं मशीन मिळतं. आणलं तिनं. काठी, खाली ताटाएवढी चकती, वर बटणांचा डबा. माझ्या जोडव्यांवरून फिरवलं तर असं केकाटलं की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला आली. साठ वर्षांत पहिल्यांदा वाटलं, सापडतील वाळे. सापडले तर माती उचलून माझ्या दारातल्या जास्वंदीखाली आणीन.

आता हसू नकोस. नवं लोखंड घरात आलं की तू काय करायचीस? कोयता असो, खुरपं असो, विहिरीवरचं इंजिन असो, हळदी-कुंकू आणि नारळ. मी तेच केलं. पोरगी अंघोळीला गेली तेवढ्यात मशीनला कुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी मशीनच्या कपाळावर, म्हणजे त्या बटणांच्या डब्यावर, ओतलं. रानात पोचल्यावर ते एकदा ओरडलं. खणलं तर बैलगाडीची खीळ. त्यानंतर जे गप्प झालं ते झालंच.

पोरीनं कंपनीला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा मोठा केला. पलीकडचा विचारतो, "मशीनमध्ये पाणी गेलं होतं का?" ही म्हणाली, "नाही." मला राहवलं नाही. "पाणी न्हाय ओ पावणं, नारळाचं हुतं. देवाचं."

पोरीनं कपाळाला हात लावला. "आजी, गप बस की जरा!"

"खोटं कशाला बोलायचं? त्यानं पूजा बघितली न्हाय व्हय कवा?"

तो म्हणाला, पाठवून द्या, उघडून बघू, आत ओल दिसली तर वॉरंटी लागणार नाही. आणि काही झालं तरी तीन आठवडे लागतील. मी फोन हिसकावून घेतला. "पावणं, सोमवारच्या आत द्या की. लेक हाय माझी तिथं." तो म्हणाला, "लिहून ठेवतो, आजी." काय लिहिलं असेल त्यानं? असल्या गोष्टीला त्यांच्या कागदावर रकाना असतो का?

खोक्यात भरताना फटीतलं कुंकू पदरानं पुसत बसले; निघालं नाही. कुरिअरवाला ते गाडीला बांधून निघाला तर मी अनवाणीच त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले. दुसरं मशीन मिळतंय का म्हणून पोरीनं सगळ्या कोल्हापुरात फोन केले. नाही मिळालं. आता मी रोज सकाळच्या एसटीनं रानात जाते आणि खुरप्यानं उकरते. भाचा ओरडतो, "आत्ती, रस्तेवाल्यांच्या आधी तूच रान उलथं करशील की!" काल विहिरीच्या अंगाला गुडघाभर खणलं. हाताला फोड आलेत. माती मिळाली, आई, नुसती माती.

कधी वाटतं, तू विसरलीच नव्हतीस. जागा कळली तर ही तिथंच जाऊन बसेल, उठायची नाही, असं वाटलं असेल तुला. बसले असते, खोटं कशाला सांगू. पण आता माझं बसायचं वय गेलं. आता तरी सांग. कावळा होऊन ये, स्वप्नात ये, ह्या पोरीच्या हातातलं पेन हलव.

पोरगी विचारते, आजी, पत्ता काय घालू? पत्ता असता तर साठ वर्षं कशाला थांबले असते? हे पत्र पिठाच्या डब्याखाली राहील. म्हणून एक सांगून टाकते. मी सासरी परत आल्यावर तू कंडक्टरच्या हाती डिंकाच्या लाडवांचा डबा धाडलास. पाळणा रिकामा आणि वर बाळंतिणीचे लाडू! मला वाटलं, ही बाई एवढंही विसरली. रागानं सगळे म्हशीला घातले आणि तुला निरोप धाडला, खाल्ले, गोड होते. आता कळतं, बाळ गेलं तरी बाळंतीण होतेच मी; हे दोन्ही घरांत एकट्या तुझ्या ध्यानात होतं.

जागा आठवत नसेल तर राहू दे. लाडू धाड. खारीक बारीक कुटून घाल, दात राहिले नाहीत. ह्या खेपेला म्हशीला देत नाही.