हाल्मसाहेबांचा फॉक्सट्रॉट

बर्लिन, २६ ऑगस्ट १९३५

मेटाला काढलं!

दुपारी कॅफेत तालमीला आली ती टोपी न काढताच पियानोपाशी उभी राहिली. म्हणाली, "वादकांच्या मंडळातून माझं नाव कमी झालंय. उद्यापासून जर्मनीत कुठेही वाजवायचं नाही." कारण काय, तर तिचे आजी-आजोबा ज्यू! "माझी आजी म्हणायची, पोरीला सुरात गाताही येत नाही," मेटा म्हणाली. "तेच कारण दिलं असतं तर निदान खरं तरी वाटलं असतं."

त्साबेलबाईंनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. बँड त्यांचा, नाव त्यांचं — 'केटे त्साबेल आणि तिच्या चांदण्या'. सगळ्या बायका, सगळ्यांचे पांढरे फ्रॉक. पण गाणी जिवंत होतात ती मेटामुळे. कुठे सॅक्सोफोनने लाडात यायचं, कुठे सगळ्यांनी गप्प बसायचं, सारं तीच लिहून देते.

"काय करणार, मुलींनो?" बाई म्हणाल्या. "वरून आलंय."

"वरून कबुतरंही घाण करतात," मी म्हणाले. "पुसतोच ना आपण?"

सॅक्सोफोनवाली हिल्डे हसली. बाकी कोणी नाही. बाई म्हणाल्या, "एल्ली, तू ढोल बडव. तोंड नको."

मेटा गेली. मी तिच्या मागे धावले नाही, कारण रडले असते. आणि त्या कॅफेच्या मालकासमोर, त्या डॉब्रिकसमोर, मी रडणार नाही!

२७ ऑगस्ट

पियानोवर नवी मुलगी. सूर बरोबर. बाकी काहीच नाही.

३ सप्टेंबर

मेटाच्या घरी गेले. तिच्या आईने आलुबुखारचा केक केला होता. मला एवढा मोठा तुकडा वाढला, जणू नोकरी माझीच गेली होती. मेटा खिडकीत पाय वर घेऊन बसलेली. केस विंचरलेले नाहीत.

मी सरळ विचारलं, "लिहिणार आहेस की अशीच बसणार आहेस?"

"कुणासाठी लिहू? भिंतींसाठी?"

"आमच्यासाठी. नाव दुसरं टाकू."

ती आतून एक वही घेऊन आली. एक फॉक्सट्रॉट, जोडीने नाचायची धून — तिला काढलं त्याच दिवशी संध्याकाळी लिहिला होता! रागाच्या भरात! आणि तरी इतका हसरा की माझे पाय टेबलाखाली नाचायला लागले. गाण्याचं नाव 'शेजारीण फार बोलते'. एक बाई जिन्यात शेजाऱ्यांच्या चुगल्या करते आणि शेवटी सगळी बिल्डिंग तिच्याच तालावर नाचते, असं काहीतरी वेडगळ.

संगीतकार म्हणून नाव काय टाकायचं? मेटा म्हणाली, "एरिश हाल्म. हाल्म म्हणजे गवताची काडी. काडीला कोण विचारतंय?"

५ सप्टेंबर

बाईंसमोर कागद ठेवले. त्यांनी पहिली ओळ पाहिली आणि मला कळलं, यांनी अक्षर ओळखलं. मेटाची खालच्या बाजूला झुकलेली स्वरचिन्हं कोण ओळखणार नाही?

"हे हाल्म कोण?"

"माझ्या मावशीचे शेजारी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता कागद फाडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, सगळी कडू.

"हाल्मसाहेबांना सांग," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या भागात व्हायोलिन थोडं खाली घ्या. माझं बोट आता तिथे पोचत नाही."

भित्री बाई. पण कान शाबूत आहेत.

२१ सप्टेंबर

पाचच्या चहाच्या नाचाला हाल्म पहिल्यांदा वाजवला. पहिल्या फेरीला लोक केक खात होते. दुसऱ्या फेरीला काटे खाली. मग फरशी भरली! एक जाडजूड गृहस्थ बायकोला एवढं गरगर फिरवत होते की तिची टोपी ट्रॉम्बोनच्या तोंडात जाऊन अडकली.

पुन्हा वाजवा! पुन्हा! परत परत वाजवला.

धावत मेटाकडे गेले, सगळं करून दाखवलं. टोपीसकट. तिची आई हसून हसून डोळे पुसत होती.

१२ ऑक्टोबर

आजपासून जर्मन रेडिओवर जॅझ बंद. कायमचं. परक्या काळ्या लोकांचं संगीत, आपल्या रक्ताला मानवत नाही म्हणे.

आमच्याकडे ढोल-झांजांच्या संचालाच लोक 'जॅझ' म्हणतात. म्हणजे मी ज्याच्यामागे बसते ते वाद्यच बेकायदा! बाबांना सांगितलं. ते ट्राम चालवून दमून आले होते, बूट काढता काढता म्हणाले, "मग आता तू काय वाजवणार? शिट्टी?"

"तेच वाजवणार. जोरात."

"हळू बोल," बाबा म्हणाले. पण हसले.

१४ नोव्हेंबर

कॅफेत एक बिल्लेवाला आला. तपासनीस. भिंतीजवळच्या टेबलावर कॉफी घेऊन बसला. वाजवून झाल्यावर थेट माझ्याकडे.

"हे कसले ठोके? मधेच अडखळल्यासारखे?"

"सॅक्सनीतला जुना शेतकरी नाच आहे, साहेब. कापणीच्या वेळचा."

त्याने मान डोलावली! खिशातून पेन्सिल काढून लिहूनही घेतलं! मागे हिल्डे खोकत होती — ते खोकणं नव्हतं.

मग हुकूम सुटला. सॅक्सोफोनने केकाटायचं नाही. परदेशी नावं नकोत. आणि ढोलाला बांधलेली गायीची घंटा काढा. काढली. त्याच्या डोळ्यांदेखत काढली. नंतर रिकामा बिअरचा ग्लास समोर ठेवला आणि त्यावर काडी मारली. घंटेपेक्षा गोड वाजला!

डॉब्रिकसाहेब घामाघूम. "एल्ली, माझा कॅफे बंद पाडशील."

"कॅफे भरलेला कुणामुळे आहे ते आधी बघा," मी म्हणाले.

३० नोव्हेंबर

मेटाशी भांडले. कडाडून.

जर्मन नाचाच्या संगीताची स्पर्धा जाहीर झाली आहे. जॅझ काढून टाकलं, आता त्या जागी काय वाजवायचं हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून स्पर्धा! आम्हीही नाव दिलंय आणि आम्ही हाल्मच वाजवणार. मी मेटाला म्हणाले, "जिंकलो की मी उभी राहणार आणि सगळ्यांसमोर तुझं खरं नाव सांगणार. मेटा लेविन्स्की! बघू दे तोंडं."

वाटलं, ती मिठी मारेल. ती पांढरी पडली.

"आणि मग? टाळ्या तुला. जिन्यात बूट वाजणार ते माझ्या."

"म्हणजे गप्प बसायचं?"

"माझी आई आहे इथे, एल्ली! तुझं धाडस माझ्या मानेवर नको ठेवूस. ठेवायचं तर स्वतःच्या ठेव."

दार आपटून निघाले. ट्राममध्ये बसले नाही, चालत आले. सबंध वाटभर तिला शिव्या दिल्या. घराजवळ येईपर्यंत शिव्या संपल्या. तिचं बरोबर आहे. राग येतो तो ह्याचाच.

८ डिसेंबर

हे सगळं लिहून काढलं पाहिजे, नाहीतर झोप लागायची नाही.

मोठा हॉल, झेंडेच झेंडे. पहिल्या रांगेत परीक्षक. आमच्या आधीचे बँड असे वाजवत होते, जणू पायांत लोखंडी बूट घालून नाचायचं आहे. मग आमचा नंबर. बाईंनी माझ्याकडे बघून भुवई वर केली. मी ठोका दिला आणि 'शेजारीण' सुटली. तिसऱ्या रांगेतली बाई खुर्चीत हलायला लागली. मग तिच्या शेजारचा. मग गणवेशातले दोन! परीक्षकांच्या टेबलाखाली बूट हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

दुसरा नंबर. पहिला नंबर कुणा बड्याच्या मेव्हण्याच्या बँडला.

मुख्य परीक्षक मंचावर आला. लांब मानेचा माणूस. म्हणाला, "हेच! हाच आपल्या मातीतला ताल! यात परक्याचा एक थेंब नाही. हे हाल्म कोण? आले आहेत का?"

माझ्या तोंडात मेटाचं नाव होतं, अगदी जिभेवर. इतका मोह मला आयुष्यात कशाचा झाला नसेल. आणि मग तिच्या आईचा चेहरा आठवला.

मी उभी राहिले. "हाल्म मीच. बायकांच्या नावावर कोणी गाणी घेत नाही, म्हणून पुरुषाचं नाव."

लोक हसले, टाळ्या पडल्या. वाटलं, सुटले. पण तो म्हणाला, "वा! मग पियानोवर दोन ओळी ऐकवा बघू."

मला पियानो येत नाही! एक सूरही नाही!

तेवढ्यात त्साबेलबाई पुढे आल्या — आमच्या भित्र्या त्साबेलबाई! "माफ करा," त्या हसत म्हणाल्या, "पोरीची बोटं काल ट्रामच्या दारात सापडली. वडीलच चालवत होते ती ट्राम, काय सांगायचं!"

"पण आत्ता तर ढोल वाजवत होती."

"ढोलाला बोटं कुठे लागतात, साहेब? मनगट लागतं."

सगळा हॉल हसला. तोही हसला.

खाली आल्यावर बाईंनी माझा दंड असा चिमटला की हिरवानिळा पडलाय. "मूर्ख! कार्टी! माझ्या पाठीवर हात लावून बघ." फ्रॉक पाठीला चिकटला होता. मी त्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "सोड. इस्त्री मोडेल."

९ डिसेंबर

मेटाला सांगितलं. ती पियानोवर बसली, माझा हात धरून माझं एक बोट सुरांवर ठेवत गेली. "निदान पहिली ओळ शीक, हाल्मसाहेब."

११ फेब्रुवारी १९३६

मेटा आणि तिची आई हॉलंडला निघाल्या. हेगमध्ये मावशी आहे. स्टेशनवर मेटाची आई शेवटपर्यंत मला पावाचे तुकडे आणि उकडलेली अंडी देत होती. प्रवास त्यांचा, शिदोरी मला!

मेटा म्हणाली, "तूही ये."

"मी का जाऊ? हे शहर माझं आहे. जायचं तर त्यांनी जावं."

गाडी गेल्यावर हमालाने विचारलं, "बहीण का?" मी हो म्हणाले.

१६ मे, शेवेनिंगन (हॉलंड)

समुद्र! राखाडी, खारट, उद्धट. मला आवडला.

दुसऱ्या नंबरामुळे आम्हाला इथल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात पाठवलंय. 'परदेशात जर्मन संगीताची ओळख करून द्या.' मेटाच्या गाण्यांनी! हे कळलं तेव्हा हिल्डेला उचकी लागली हसून.

मेटा हेगहून भेटायला आली. नाचाच्या शाळेत पियानो वाजवते. केस कापलेत, गाल भरलेत. पहिल्याच वाक्याला म्हणाली, "दुसऱ्या भागात फार घाई करतेस." दोन तास भांडलो. किती दिवसांनी!

२८ जून

परवा परत. मेटा पुन्हा मागे लागली — इथेच राहा, हॉटेलवाला ढोलवाली शोधतोय.

सांगितलं, बाबा एकटे आहेत. आणि पळायला मी काय चोर आहे? मी बर्लिनला जाणार, त्या बिल्लेवाल्यासमोर बसणार आणि ग्लास वाजवणार. ते मला घाबरवतील तेव्हा घाबरवतील. मी आधीच घाबरून का बसू?

मेटा म्हणाली, "गाढव आहेस." कपाळाला ओठ टेकवून गेली.

३० जून

गाडी सुटायच्या जरा आधी त्साबेलबाईंनी माझा ढोल खिडकीतून खाली प्लॅटफॉर्मवर उतरवला.

"अहो, हे काय?"

"डॉब्रिकचा फोन आला होता. हाल्मच्या आडून कोण लिहीत होतं ते त्या बिल्लेवाल्यांना कळलंय. त्यांची माणसं कॅफेत येऊन गेली, तुझ्या घरीही. तुझे बाबा ठीक आहेत. म्हणाले, पोरीला सांगा, इकडे पाऊल टाकायचं नाही." मग माझी बॅगही खाली. "हाल्म तूच ना? मग उतर."

उतरले. बाकीच्या जणी खिडक्यांतून रडत होत्या. गाडी हलली. मी बाजूने धावले. "बाई, तुम्हीही उतरा! तिकडे तुम्हाला विचारतील!"

"विचारू देत," त्या म्हणाल्या. चष्मा सरळ केला. "सांगेन, हाल्म मीच. मला निदान पियानो येतो."