उत्तराचं घमेलं

महाल, नागपूर
४ फेब्रुवारी १९७४

ती. शोभाताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक म्हणायचं, पण माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आमच्या उत्तराने एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मागच्या ओसरीत घमेलंभर सडकं पाणी आणून ठेवलंय, तेलंगखेडीकडच्या एका आंब्याच्या ढोलीतलं. त्यात लांब शेपटीच्या अळ्या वळवळतात. शी! लिहितानाही अंगावर काटा येतो. म्हणे यांच्या माश्या होतात, गांधीलमाशीसारख्या पट्ट्यांच्या, पण डंख नाही. हवेत एका जागी तरंगतात आणि फुलांवरच जगतात. तिच्या कॉलेजातल्या बाईंनीही ही जात कधी पाहिलेली नाही. माश्या निघाल्या तरच प्रबंध पुरा होणार. मी विचारलं, फुलं खाणारीले जन्माले याले हाच उकिरडा भेटला काहून? तर नुसती हसते.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
रुख्मिणी

कुही
९ फेब्रुवारी १९७४

चि. रुख्मिणीस अनेक आशीर्वाद.

अगं, पाल अंगावरून गेली तर दोनदा आंघोळ करणारी तू, आणि तुझ्याच घरात अळ्या! मला वाचूनच मळमळलं. आता नीट ऐक. वाडीचे मारोतराव १७ तारखेच्या रविवारी मुलाला घेऊन उत्तराला बघायला येतील. ट्रकांचा धंदा, मोठी गोदामं, एकुलता मुलगा. असं स्थळ पुन्हा चालून येणार नाही. ते घमेलं आधी नालीत ओत. पोरगी रडेल आणि विसरेल.

गोड बातमी कळव. माझी माया तुम्हा सर्वांवर आहेच.

शोभाताई

महाल, नागपूर
१० मार्च १९७४

ती. शोभाताईस,
सा. न. वि. वि.

त्यांना मुलगी पसंत असूनही आम्ही नकार कळवला, म्हणून तू रागावली आहेस. झालं ते ऐक.

घमेलं ओतायला मी उचललं होतं, पण पोरीचं तोंड बघून परत ठेवलं. त्या रविवारी पोहे झाल्यावर मारोतराव आणि त्यांचा मुलगा मागच्या ओसरीत हात धुवायला गेले. मारोतरावांनी तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबला आणि थोड्या वेळाने भचकन घमेल्यात थुंकले. पाठोपाठ चिरंजीवांनीही, वडिलांचा मान राखून, तिथेच पिंक टाकली. उत्तरा किंचाळत धावली, तर मारोतराव म्हणतात, घाणीतच तं थुंकलो वं पोरी, रडून काहून राहिली? चिरंजीव खी खी हसले, आणि दोघं मिशा पुसत बैठकीत चहाला जाऊन बसले.

ताई, इतकी किळस मला त्या अळ्यांचीही कधी आली नव्हती. उत्तराने दुसरं भांडं पुढे धरलं. मी पदर खोचला आणि त्या पिंकेच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून एकेक अळी वेचून काढली. बहुतेक मेल्या. थोड्या वाचल्या.

काल त्यातली एक माशी निघाली आणि कोथिंबिरीच्या फुलांवर जाऊन बसली. उत्तराला हसू की रडू असं झालं. मला त्या माशीची किळस अजूनही येते, पण मी तिला हाकललं नाही. तीही आता माझ्याच बाजूची आहे.

मारोतरावांनी कारण विचारलं तर सांग, रुख्मिणीच्या घरात घाण चालत नाही.

राग संपला की पूर्वीसारखाच लोभ कर.

तुझी,
रुख्मिणी