देवाच्या ॲपला दिलेला होकार

ता. ८ जून

चि. चिमणीस मावशीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझा नवा नंबर मिळाला. हात उगारणाऱ्या नवऱ्याला ठावठिकाणा लागू नये म्हणून जुना नंबर टाकलास, चांगलं केलंस. पण मी एक घोळ घातला आहे, तो आधी नीट वाच.

मी रोज सकाळी फोनवर प्रार्थना ऐकते ते ॲप तुला ठाऊक आहे. फुकट आहे म्हणून घेतलं. काल त्यात ‘तुमच्या ओळखीचे’ म्हणून आपला दूधवाला दिसला, फोटोसकट. मी तर त्याचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं. थोरल्याला विचारलं, तर हसून म्हणाला की ॲप घेताना फोनमधले सगळे नंबर बघायला तूच होय म्हटलंस. म्हटलं असेन बाई. देवाच्या दारात नाही कसं म्हणायचं?

मग लक्षात आलं. तुझा नंबर मी परवाच तुझ्या नावाने साठवला होता, म्हणजे तोही त्यांच्याकडे गेला. तुझा नवराही याच ॲपवर आहे, आणि त्याचाही नंबर माझ्या फोनमध्ये आहे, म्हणजे ॲप तुम्हा दोघांना ओळखीचे ठरवणार. रोज सगळ्यांना सुविचार पाठवतो, मेला. नव्या नंबरावर तू हे ॲप घेतलं असशील, तर दूधवाला जसा मला दिसला तशी तू त्याला दिसशील.

नंबर मी पुसला. तेवढ्याने भागत नाही म्हणे. त्यांच्याकडे गेलेली नावं ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी पुसावी लागतात, तीही पुसली. तूही नुसतं ॲप काढू नकोस, आधी खातं बंद कर. खोली सोडताना नुसतं कुलूप लावून चालत नाही, दारावरची पाटीही काढावी लागते.

देव पाठीशी आहेच, पण दार आपणच लावायचं असतं.

तुझी मावशी

ता. १३ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ड्यूटीवरून आल्या आल्या उभ्यानेच वाचलं. ॲप मी घेतलं होतं. सकाळी खोलीत फार एकटं वाटायचं, तुझ्या घरातला आवाज हवा होता. ‘ओळखीचे’मध्ये पाहिलं तर पहिलं नाव त्याचंच, आणि माझा फोटो हॉस्पिटलच्या पाटीखाली काढलेला. लगेच फोटो काढून टाकला, मग खातं बंद केलं. मेट्रनबाईंनी गेटवर सांगून ठेवलं आहे.

पत्र नर्सेसच्या खोलीत वाचून दाखवलं. एकीने विचारलं, मावशी कॉम्प्युटर शिकल्यात का. मी सांगितलं, मॅट्रिक झाली आहे, पण भाजीवालीने काही फुकट दिलं तरी का दिलंस विचारते. सगळ्याजणी आपापले फोन काढून बसल्या. मी नुसती मिरवत होते.

आणखी एक. नवजात बाळांच्या वॉर्डाची जबाबदारी माझ्याकडे आली. सगळ्यात आधी तुला कळवते आहे.

माया आहेच, धाकही असाच राहू दे.

तुझी चिमणी

ता. २० जून

चि. चिमणीस दोन्ही हातांनी आशीर्वाद, वि. वि.

काल तुझा नवरा येऊन गेला. म्हणाला, ॲपवर तुझं नाव दिसलं होतं, फोटो बारीक होता, संध्याकाळी निवांत मोठा करून बघू म्हटलं तर सगळं नाहीसं. त्याच्या आळशीपणाला जन्मात पहिल्यांदा नमस्कार केला.

मग माझा फोन मागितला. दिला. वरखाली करून पाहिलं, हाती काही लागलं नाही. म्हणाला, तुम्हाला ठाऊक आहे ती कुठे आहे. मी म्हटलं, आहे, आणि सांगणार नाही. खोटं बोलायची वेळ देवाने आणली नाही. तुझ्या काकांनी दार उघडून धरलं, तसा निमूट गेला.

आता धोका एकाच ठिकाणी उरला आहे, माझ्या जिभेवर. वॉर्डाची बातमी आल्यापासून पोटात राहत नाही. आज जिन्यात शेजारणीला सांगितलंच, आमची भाची अख्खा वॉर्ड सांभाळते. तिने विचारलं, कुठे हो?

मी म्हटलं, बाळं जन्मतात तिथे.

तुझी मावशी