दातांचा हप्ता

प्रिय गोडहसरी,

तुझा निळा झगा तयार आहे. कमरेत दोन बोटं आत घेतलाय. दुकानात मी तुला अहो-जाहो करते, पण कागदावर ते जमणार नाही, राग मानू नकोस. बस डेपोतला तो मेकॅनिक माझा नवरा आहे, आणि तू त्याला माझ्याआधीपासून ओळखतेस, हे आता आपल्या दोघींनाही माहीत आहे.

गेल्या वर्षी त्याचा पगार अचानक कमी यायला लागला. विचारलं तर म्हणे ओव्हरटाइम बंद झाला. पण कपड्यांना ग्रीसचा वास तर पूर्वीपेक्षा जास्त! मला वाटलं, बाहेर काहीतरी भानगड आहे. तडक डेपोच्या हिशेबनिसाकडे गेले, भांडायच्या तयारीनंच. त्यानं खुर्ची दिली आणि हळूच सांगितलं, वहिनी, कोर्टाचा हुकूम आहे, क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी, आम्हाला पगारातून कापावंच लागतं. मागचे कारकून खुसुखुसू हसत होते. हसतील त्यांचे दात दिसतील, असं मनाशी म्हणत मी मान वर करून निघाले. दातांचाच मामला आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

घरी तो भाजी चिरत होता, तिथंच त्याला धरलं. कबूल झाला. माझ्याआधी ह्याचं एका मुलीशी लग्न ठरलं होतं, ती तोंडावर हात धरून हसायची. ह्यानं कार्डावर तिचे वेडेवाकडे दात सरळ करून दिले. दातांवरची तार निघाली आणि तिनं लग्न मोडलं. मग ह्या शहाण्यानं रागारागात ठरवलं, ती गेली तर मी हप्ते कशाला भरू? जणू बँकेनंच त्याला नकार दिला होता! व्याज चढत गेलं, घर बदललं, हा विसरला. बँक विसरली नाही. मला आधी हसू आलं, मग रडू. कारण त्याची स्वतःची एक दाढ आमच्या लग्नाआधीच पडलेली आहे. त्या बाजूनं त्याला चावता येत नाही. बसवून घे म्हटलं की म्हणतो, कशाला उगाच खर्च.

तेही गिळलं असतं गं. पण मग तू दुकानात आलीस. मी गुडघ्यांवर बसून टाचण्या लावत होते, चार टाचण्या ओठांत. आरशात बघून तू म्हणालीस, पूर्वी माझे दात फार वाकडे होते हो. तेवढ्यात तो मला न्यायला आला आणि दारातच खिळला. तू त्याच्याकडे बघून हसलीस. तोही हसला, ओठ मिटून. घरी जाताना एवढंच म्हणाला, मनानं चांगली होती. मी जळले, सरळ सांगते. तुझ्या दातांवर जळले, तुझ्या कमरेवर जळले, आणि सगळ्यांत जास्त ह्यावर, की दर महिन्याला तो तुझ्यासाठी काहीतरी करत होता आणि माझ्याशी ओव्हरटाइमचं खोटं बोलत होता.

म्हणून बँकेच्या वसुलीवाल्यांना गाठून मी उरलेलं सगळं देणं एकदम भरून टाकलं. कापडाच्या कडा शिवायच्या नव्या ओव्हरलॉक मशीनसाठी साठवलेले पैसे होते. काल त्याचा पगार पुरा आला. त्याला वाटतं मी हे त्याच्यासाठी केलं. वाटू दे. झगा शेजारच्या चावीवाल्याकडे ठेवलाय, झग्यालाच ही चिठ्ठी टाचली आहे. शिलाई नको. वाचून पैसे परत करायला निघशील, तर येऊ नकोस, मी घेणार नाही. घेतले तर तू मोकळी होशील, आणि तो पुन्हा म्हणेल, मनानं चांगली होती. ते दात आता माझ्या पैशाचे आहेत. खुशाल हस, जगभर हस. फक्त तो समोर आला की तोंडावर हात धर, पूर्वी धरायचीस तसा.

आता नाइलाजानं तुझीच,
शिवणवाली