आल्प्सच्या गाडीत वारलेला नवरा

टौरंगा, २० एप्रिल २०१४

तीर्थस्वरूप मंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. देवाने आपल्या घरातले सगळे कान मला दिले आणि तुझ्या वाट्याला टपालखातं ठेवलं. असो, त्या निमित्ताने माझं मराठी गंजत नाही.

बातमी अशी, की लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून स्वानंदीने आम्हाला आगगाडीची तिकिटं दिली आहेत. आल्प्समधून! स्वित्झर्लंड नव्हे, आल्प्स इथेही आहेत, दक्षिण बेटावर. सकाळी क्राइस्टचर्चला बसायचं, डोंगर ओलांडून दुपारी पलीकडच्या समुद्राला, ग्रेमाउथला उतरायचं. लेकीने तिकिटं उशिरा काढली, त्यामुळे आमच्या जागा वेगवेगळ्या. कांचन म्हणाली, चालेल. इतक्या चटकन म्हणाली, की मी बघतच राहिलो.

परवा मंडळाच्या जेवणात पुन्हा फर्माईश झाली, रवींद्रभाऊ, तुळशीची गोष्ट होऊन जाऊ दे. तुला पाठच आहे. शहाण्णव साली ऑकलंडच्या विमानतळावर कांचनच्या कुंकवाच्या डबीत तिच्या आईच्या वृंदावनातलं तुळशीचं बी सापडलं. बी आणायला इथे सक्त बंदी. हातमोजेवाला साहेब बी काढून घेतोय, आणि ही रडत त्याला सांगतेय, की सर, धिस गॉड, नॉट प्लांट! आणि मी? मी शेजारच्या रांगेत, छताकडे बघत. नवा कोरा व्हिसा, कोण अंगावर घेणार! मी तिचा आवाज काढतो तेव्हा लोक ताटं खाली ठेवून हसतात. कांचनपण हसते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा रवींद्र

—

मिरज, ६ मे २०१४

चि. रवींद्र यास अनेक आशीर्वाद.

गाडीत कानटोपी घाल. एवढे मोलाचे कान, त्यांना वारा लागायला नको.

मला ऐकू येत नाही म्हणून मी माणसांची तोंडं बघत बसते. मागे तुम्ही आला होतात तेव्हा तू तुळशीची गोष्ट सांगितलीस. सगळे हसत होते. तुझी बायको नुसते दात दाखवून ताटं उचलत होती. तिची आई त्या वर्षी माघात गेली आणि चैत्रात तुम्ही निघालात, हे तू गोष्टीत सांगत नाहीस. प्रवासात तरी तिचा आवाज काढू नकोस. तिचं तिला बोलू दे.

सौ. कांचनला आशीर्वाद. येतं ते पत्र वाचून होण्याआधी पुढच्याची वाट बघणारी,
मंदाताई

—

टौरंगा, २५ मे २०१४

तीर्थस्वरूप मंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस, तिला बोलू दे. ती बोलली!

गाडी झकास. खिडक्या छतापर्यंत, शिखरांवर नवा बर्फ. कानाला लावायला एक यंत्र देतात, त्यातून डोंगरांची माहिती सांगतात. मी ते लावलं, पण चालू केलं नाही. गॅरेजच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. आपण ऐकत नाही असं दिसलं, की लोक कामाचं बोलतात.

कांचन माझ्या पाठीला पाठ लावून मागच्या टेबलाशी. तिच्यासमोर पांढऱ्या केसांची एक गोरी बाई, होकिटिका गावची, स्वेटर विणून विकणारी. आणि कांचन तिच्याशी इंग्रजीत सुरू झाली. न अडखळता. एकदाही सर नाही. बाईने विचारलं, एकटीच निघालीस का? कांचन म्हणाली, हो, मिस्टर वारले, सहा वर्षं झाली.

त्या वेळी गाडी पुलावर होती. खाली वायमाकारिरीचं निळंशार पाणी, वर मी मेलेला.

मग तिने त्या मेलेल्याचं वर्णन केलं. कमी बोलायचा. सकाळी चहा करून द्यायचा. चारचौघांत हिचा विषय निघाला, की आवाज खाली आणायचा. आणि विमानतळावर डबी सापडली तेव्हा आपली रांग सोडून आला, हिच्या शेजारी उभा राहिला आणि साहेबाला म्हणाला, बी माझं आहे, दंड मला करा. गोऱ्या बाईने डोळे पुसले. म्हणाली, आठवण येत असेल ना? कांचन म्हणाली, रोज.

पुढे ओटिराचा बोगदा लागला, चांगला आठ-साडेआठ किलोमीटरचा. अंधारात काचेत मागची कांचन दिसत होती. हसत होती, दात न दाखवता.

ग्रेमाउथच्या फलाटावर ती पर्समधलं मंगळसूत्र काढून गळ्यात घालताना मी पाहिलं. आम्ही तळलेले मासे खाल्ले. तिने माझ्या कोटाचं बटण लावलं, कित्येक वर्षांत लावलं नव्हतं. विचारलं, यंत्रात काय सांगत होते? मी म्हणालो, बरीच माहिती होती.

खरं सांगतो, तो मेलेला मलाही आवडला. दोन दिवस मी चहासुद्धा करून बघितला. पण ताई, गोष्ट काय फर्मास आहे! तुळशीच्या गोष्टीला अठरा वर्षांनी शेवट मिळाला. गणपतीत सांगतोच.

माया आहे ती राहू दे.
तुझा (हयात) रवींद्र

—

टौरंगा, १४ सप्टेंबर २०१४

तीर्थस्वरूप मंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं जूनचं पत्र मिळालं होतं. त्यात एकच ओळ होती, हे कुणाला सांगू नकोस. मी सांगितलं.

गणपतीला ऑकलंडात, माउंट रॉस्किलच्या हॉलमध्ये दीडशे माणूस. मी दोन्ही आवाज काढले, कांचनचा आणि गोऱ्या बाईचा. तिचं ते ‘रोज’ म्हणताना पदराने डोळे टिपायची नक्कल केली. आमचे विश्वनाथ डॉक्टर खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. कुणीतरी ओरडलं, कैलासवासी रवींद्रभाऊंचा विजय असो. कांचन मोदक वाढत होती. माझ्या पानात तिने दोन वाढले, वर तूप सोडलं, आणि हसलीसुद्धा.

सोमवारी कामावरून आलो तर घर आवरलेलं. टेबलावर ती कुंकवाची डबी, साहेबाने रिकामी करून परत दिलेली. तिच्यात मंगळसूत्र. स्वानंदीने आईला विमानात बसवून दिलं. मला म्हणते, डॅड, तुम्ही लोकांना हसवा, हीप्स लोक आहेत, म्हणजे ढिगाने.

कांचनचं माहेरी कुणी उरलेलं नाही, तेव्हा ती तुझ्याकडेच असणार. अगं, गंमत केली गं. तिला समजाव. गॅरेजात पाना-पकड घेऊन उभा राहिलो तेव्हापासून मी कुणापुढे हात जोडले नव्हते. हे पत्र चार वेळा फाडून लिहिलं. या घरात आता मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.
रवींद्र

—

मिरज, ५ ऑक्टोबर २०१४

चि. रवींद्र यास आशीर्वाद.

कांचन इथेच आहे. मला काही ऐकू येत नाही आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. ती पाटीवर लिहिते, मी वाचते आणि पुसते. दिवसाला खडूची एक कांडी संपते. तुझा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकलेला नाही. तू कसा बोलतोस, ते परवा तिने लिहून दाखवलं. फार हुबेहूब लिहिते. मी पोट धरून हसले.

अंगणात तिने तुळशीचं बी टाकलं होतं. उगवलं आहे.

तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने घडी न मोडता परत केलं. मी विचारलं, रवी बोलावतोय, जाणार का? तिने पाटीवर लिहिलं, की ते गेले, वन्सं, फार चांगले होते. पुढे मी आग्रह केला नाही. मी चौदा वर्षं विधवा आहे. दुखवट्याच्या घरात आग्रह करत नाहीत, एवढं मला कळतं.

पत्राच्या माथ्यावर सवयीने तुला चिरंजीव लिहून गेले. या घरात तुला तसं म्हणणारी आता मी एकटीच आहे.

मंदाताई