भरड्यातली पावडर

प्रिय छकुले,

तुझा निरोप मिळाला. बाळाला काचेच्या पेटीतून बाहेर काढलं, ते स्वतः दूध ओढतंय, आणि तू त्याला घेऊन थेट इकडेच यायचं म्हणतेस. वाचून मी शेडमध्ये बादली पालथी घालून बसले आणि जरा रडले. मागे डुकरं खाद्यासाठी ओरडत होती, त्यांना काय त्याचं.

बाबांचा पाय मी फोनवर सांगते तितका बरा नाही गं. फाटकाचा पत्रा पायाच्या बोटांना लागला, जखम एवढीशी. दवाखान्यात चला म्हटलं तर सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. डुकरांच्या भरड्यात मिसळायच्या पोत्यातली औषधाची पावडर त्यांनीच काढली, जखमेत दाबली, वर फडकं गुंडाळलं. म्हणाले, एवढी डुकरं हिच्यावर जगली, मी काय त्यांच्याहून नाजूक आहे? तुला आठवतंय ना ते पोतं? एक पिल्लू शिंकलं की सगळ्या शेडला औषध, आणि कुणीच शिंकलं नाही तरी औषध, कारण त्याने वजन चांगलं धरतं. शाळेआधी आपणच फावड्याने ते कालवायचो आणि पांढऱ्या भुवया घेऊन वर्गात बसायचो. बाई विचारायच्या, आज म्हाताऱ्या होऊन आलात का.

पाय सुजला, ताप चढला, तेव्हा कुठे दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी एक औषध दिलं, मग दुसरं, पण जखम काही ऐकेना. शेवटी घरी काय लावलं होतं म्हणून विचारलं, तर बाबांनी अगदी ऐटीत पावडरीचं नाव सांगितलं. बाई खुर्ची ओढून बसल्याच. त्यांनी समजावलं ते असं, की रोज थोडं थोडं औषध मिळत गेल्याने आपल्या शेडमधले जंतू त्याला सरावलेत, आणि हा गुण ते एकमेकांना देतातही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय. आता घरी आणलंय, पण एक वेगळं औषध अजून शिरेतून चालू आहे. पाय राहील म्हणतात, पण दोन बोटं काढली. हे तुला कुणीच सांगितलं नव्हतं.

मध्येच पाणी तपासणारी एक बाई बाटल्या घेऊन आली. खड्ड्यात साठलेला डुकरांचा मैला आपण पंपाने शेतावर सोडतो, तो पावसाबरोबर ओढ्यात उतरतो. आपण जिथे मासे धरायचो, तिथल्या गाळात औषधही निघालं आणि तेच हट्टी जंतूही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे ओढाही आजारी न पडता गोळ्या खातोय. आम्ही दोघं हसलो. मग ते भिंतीकडे वळले. मी रोजची पावडर बंद केलीय. आता आजारी पडेल त्यालाच औषध, आणि एका कप्प्यात डुकरं कमी. त्यामुळे झाडलोट वाढलीय, काही पिल्लं दगावतातही. दमलेय गं. कंबर तर माझी राहिलीच नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नाकातही कापूस फिरवून तपासला. माझ्यातही तेच जंतू आहेत. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही, पण सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ते झेपायचे नाहीत. मलम चालू आहे, पुन्हा तपासतील. तोवर तू येऊ नकोस, आणि मीही येणार नाही. बाबांनी पाळणा घासूनपुसून खिडकीपाशी ठेवला होता. कालच त्यांनी तो मला माळ्यावर टाकायला लावला. वर मला म्हणाले, तिला लिही, म्हातारा रागावलाय, तोंड दाखवू नको म्हणालाय. म्हणजे ती चिडेल, पण येणार नाही. मला तसं लिहवेना. ते रागावलेले नाहीत. तुझ्या बाळाचा फोटो त्यांच्या उशीखाली आहे, आणि त्यालाही ते हात धुतल्याशिवाय हात लावत नाहीत.

लांबूनच, पण तुझीच
ताई